मन खंबीर होतं, गादी नव्हती

“गेला बिचारा. मनानं खचला होता.”

मणका मोडून कंबरेखाली लुळा पडलेला माणूस दोन-तीन वर्षांत गेला की आमच्याकडे नांदेड-लातूरच्या खेड्यांत सावडण्यापासून तेराव्यापर्यंत हेच ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तरीही हे वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं, आणि ते बोललं गेलं की पुढचा एकही प्रश्न विचारला जात नाही. पाठीला जखम होती का, लघवीची नळी किती दिवस बदलली नव्हती, ताप कधीपासून येत होता, यातलं काही कुणी विचारत नाही. दोष मेलेल्या माणसाच्या मनावर ठेवून सगळे मोकळे होतात.

याच वाक्याची दुसरी बाजू दर 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, आपल्या वर्तमानपत्रांत छापून येते. जिद्दीच्या जोरावर नियतीला हरवलं, अपंगत्व शरीराला असतं मनाला नसतं, वगैरे. शाळा-महाविद्यालयांतल्या व्याख्यानांतून तेच सांगितलं जातं आणि भेटायला आलेले पाहुणेही खाटेशेजारी बसून तेच बोलतात: “मन घट्ट कर, सगळं ठीक होईल.” मन खंबीर असलेला तरतो, असं एकदा मानलं की जो तरला नाही त्याचं मन कमी पडलं, हेही आपोआप मानलं जातं. माझा विरोध या दोन्हीला आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुखेड, कंधार, अहमदपूर, औसा या भागांत घरोघर जाऊन असे रुग्ण पाहत आले आहे. चारा काढायला लिंबावर चढलेला, चिंचा झोडताना पडलेला, विहिरीच्या खोदकामावर दोर तुटून खाली गेलेला, उन्हाळ्यात कठडा नसलेल्या गच्चीवर झोपलेला, उसाची ट्रॉली उलटली तिच्याखाली सापडलेला. श्रीमंत देशांत मणक्याच्या दुखापतीचं मोठं कारण म्हणून रस्त्यावरचे अपघात सांगतात. आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत उंचावरून पडणं त्याच्याही वर आहे. पडल्यावर चौघं जण हातपाय धरून त्याला जीपमध्ये घालतात, मान लोंबकळत असते आणि जे थोडं वाचलं असतं तेही वाटेत जातं. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण शेतातून रस्त्यापर्यंत त्याला फळीवर, मान-पाठ न हलवता आणायचं असतं हे गावात फार कमी जणांना ठाऊक आहे. इथपर्यंत मनाचा काही संबंध आला आहे का?

पुढे शस्त्रक्रिया होते. महात्मा फुले योजनेत बसली तर पैशांचीही सोय होते. मणक्यात सळ्या-स्क्रू बसतात, टाके निघतात, आणि माणूस घरी येतो. घरी येणं हीच सगळ्यात धोक्याची वेळ असते.

जखम कशी होते ते सविस्तर सांगते, कारण वाद याच जागेवर आहे. तुम्ही-आम्ही झोपेत न कळत कूस बदलतो, कारण दबलेली जागा दुखते. मज्जारज्जू तुटलेल्याला ते दुखणंच कळत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, बसायची हाडं या ठिकाणी कातडी हाड आणि बाज यांच्यामध्ये दाबली जाते, रक्त पोचत नाही, आणि काही तासांतच आतलं मांस मरायला लागतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की लाल डाग दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो दिसत नाही. हात लावून पाहावं लागतं: जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते, टणक लागते. हे कुणी शिकवलेलं नसतं म्हणून घरच्यांना जखम कळते ती कातडी काळी पडून फुटल्यावर, वास आल्यावर. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आत मूठ जाईल एवढी पोकळ असते. हाडापर्यंत पू जातो, जंतू रक्तात उतरतात, आणि तापात माणूस संपतो.

मूत्रपिंडाचं तसंच. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, आत दाब वाढतो, लघवी उलटी वर चढते आणि हळूहळू मूत्रपिंडं निकामी होतात. यावरचा उपाय 1972 मध्ये अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस या मूत्रविकारतज्ज्ञाने मांडला. दर चार ते सहा तासांनी स्वतःच स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक काही लागत नाही, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. पन्नास वर्षं जुनी, स्वस्त, अर्ध्या दिवसात शिकवता येणारी ही गोष्ट. तरी आमच्या भागात कायमची नळी आणि खाटेला बांधलेली पिशवी घेऊन पडलेले रुग्ण दिसतात, कारण घरी सोडताना कुणी शिकवलंच नाही.

अशा माणसाने दिवसभर पुरेसं पाणी प्यायचं असतं. आता 2016 चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला 10 डबे, 5 लाख लिटर. ज्या घरात घागरी मोजून पाणी वापरलं जात होतं, त्या घरातल्या खाटेवरच्या माणसाला सारखं पाणी मागायचा, नळी धुवायला पाणी मागायचा, अंथरूण खराब झालं म्हणून धुवायला पाणी मागायचा संकोच वाटला नसेल? टंचाईत त्याने पाणी कमी प्यायलं तर त्याला खचणं म्हणायचं का?

दुसऱ्या महायुद्धाआधी मणका मोडलेले सैनिक बहुतेक दोन-तीन वर्षांत दगावत आणि जगभरचे डॉक्टर ते अटळ मानत. 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडविल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी वेगळा कक्ष सुरू केला. तिथे दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, प्रत्येक रुग्णाची कूस बदलली जाई. मूत्राशयाची काळजी शास्त्रशुद्ध घेतली जाई, लवकर उठवून बसवलं जाई, कामाला आणि खेळाला लावलं जाई. माणसं जगू लागली. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांतल्या 16 जणांची तिरंदाजीची स्पर्धा तिथल्या हिरवळीवर झाली, आणि आजचं पॅरालिम्पिक त्यातून उभं राहिलं. चार वर्षांत त्या सैनिकांची मनं काही बदलली नव्हती. त्यांची कूस बदलणारी माणसं नेमली गेली होती.

तरीही कुणी म्हणेल, जिद्द लागतेच. तर मी पाहिलेली जिद्द सांगते.

अहमदपूरच्या बाजूला एका वस्तीवर पंचविशीच्या आतला एक मुलगा होता. आंब्यावरून पडला, छातीखालचं सगळं गेलं. रडून झालं, आणि मग त्याने स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागवली. पत्र्याच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, घडी घातलेल्या चादरीवर तो बसायचा. समोर दोन डबे ठेवून त्यावर फळी, हेच टेबल. सकाळी बसला की दुपारपर्यंत आणि जेवून पुन्हा रात्रीपर्यंत. मोबाइलवर प्रेरणादायी भाषणं ऐकायचा आणि त्यातली वाक्यं भिंतीवर लिहायचा. माय मला कौतुकाने सांगायची, “ताई, माझं लेकरू लई जिद्दीचं हाय, उठतच न्हाई जागचं.”

तेच घातक ठरलं. अशा माणसाने खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं असतं किंवा पुढे वाकून वजन हलवायचं असतं, आणि बसायला दाब वाटून घेणारी जाड गादी लागते. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बसायच्या हाडांवर दोन्ही बाजूंनी जखमा झाल्या. मग शस्त्रक्रिया, मांडीचं मांस फिरवून भोक बुजवणं, आणि त्यानंतर कित्येक महिने पोटावर पडून राहणं. परीक्षा गेली, भिंतीवरची वाक्यं तशीच राहिली. गावातले लोक येऊन मायला म्हणू लागले, “आता खचलाय पोरगा, त्याला समजावून सांगा.” समजावायचं काय? चादरीऐवजी गादी आणि दर वीस मिनिटांचा एक गजर, एवढ्याने त्याची परीक्षा वाचली असती.

खंबीर मनाच्या बाजूने एक शास्त्रीय दिसणारा पुरावाही दिला जातो. लॉटरी लागलेला आणि अपघातात लुळा झालेला माणूस वर्षभरात सारखेच सुखी होतात, असं अमेरिकेतल्या संशोधनात सिद्ध झाल्याचं व्याख्यानांत ऐकवलं जातं. हे संशोधन 1978 चं, फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचं. त्यात लॉटरी लागलेले 22, सामान्य 22 आणि अपघाताने लुळे झालेले 29 जण होते. सध्याच्या सुखाला शून्य ते पाच असे गुण द्यायचे होते. लॉटरीवाल्यांचे सरासरी 4, सामान्यांचे 3.82, अपघातग्रस्तांचे 2.96. हे आकडे सारखे नाहीत. अपघातग्रस्त कमी सुखी होते, लोकांना वाटतं तितके दुःखी नव्हते, एवढंच त्यातून निघतं. शिवाय ते 29 जण पुनर्वसन संस्थेत उपचार घेत होते. त्यांची काळजी घेणाऱ्या परिचारिका होत्या, व्यायाम करून घेणारे होते, योग्य गाद्या होत्या. तो निष्कर्ष उचलून पत्र्याच्या खोलीत पडलेल्या माणसापुढे ठेवणं हा अन्याय आहे.

आता उदाहरणं. आमच्यापुढे नेहमी मुरलीकांत पेटकर यांचं नाव घेतलं जातं, आणि घ्यावंच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे हे जवान, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात. 1972 मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताला पहिलं सुवर्ण त्यांनी मिळवून दिलं, 2018 मध्ये पद्मश्री झाले. त्यांच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे. पण सैन्याचं रुग्णालय त्यांच्या मागे होतं, पोहणं हा तिथल्या उपचाराचा भाग होता, परदेशी जायला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत मिळाली आणि पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी होती. सैनिकांसाठी खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, तिथे असे जवान वर्षानुवर्षं सन्मानाने राहतात. सीमेवर मणका मोडला तर हे मिळतं, ते योग्यच आहे. उसाच्या फडात तसाच मणका मोडलेल्याला यातलं काय मिळतं?

आमच्या नांदेडची भाग्यश्री जाधव हिचा आजार वेगळा, पण खुर्ची तीच. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर तिच्या हातात देशाचा झेंडा होता. त्याआधी हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत गोळाफेकीचं रौप्य तिने आणलं होतं. अख्ख्या जिल्ह्याला तिचा अभिमान आहे. पण तिच्याकडे बोट दाखवून खाटेवरच्या मुलीला “बघ, ती करू शकते” असं सुनावणाऱ्यांनी आधी विचारावं, की या मुलीला दाराबाहेर यायला उतार आहे का, मापाची खुर्ची आहे का, शिकवणारा कुणी आहे का.

आणि नसीमा हुरजूक. सोळाव्या वर्षी कंबरेखालचं शरीर गेलं. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ मराठीत भरपूर वाचलं गेलं आणि जिद्दीची कहाणी म्हणूनच वाचलं गेलं. मात्र त्यांनी स्वतः काय केलं ते पाहा. स्वतः व्हीलचेअरवर असलेले बाबूकाका दिवाण भेटले आणि त्यांना दिशा मिळाली, म्हणजे उपदेश करणारा नव्हे, तसंच जगून दाखवणारा माणूस भेटला. मग 1984 मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी राहिली, वसतिगृह झालं, शाळा झाली, कुडाळकडे काजूचा उद्योग झाला. खंबीर मन पुरेसं आहे असं त्यांना वाटलं असतं तर त्या भाषणं देत फिरल्या असत्या. त्यांनी उतार असलेल्या, खुर्ची जाईल अशा दारांच्या इमारती बांधल्या.

मनाचं दुखणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. तरुण मुलाला एका दुपारी कळतं की चालणं गेलं, लघवी-संडासचा ताबा गेला, लग्नाचं काय होईल ते ठाऊक नाही. त्याला मरावंसं वाटलं तर आश्चर्य नाही. नैराश्य हा आजार आहे, त्यावर औषध आहे, मानसोपचार आहे. 14416 या टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं. घरच्यांनी हे हलक्यात घेऊ नये. पण मला “मरायचंय” असं म्हणालेल्यांपैकी बऱ्याच जणांशी बोलत बसलं की खाली दुसरंच निघतं. आईने मला अजून किती दिवस धुवायचं. बायको रात्रभर झोपत नाही. पोरांसमोर अंथरूण खराब होतं. रोज ठरावीक वेळी पोट साफ करायची सवय शिकवली, नळी स्वतः घालता आली, की यातली कितीतरी माणसं आठवडाभरात वेगळं बोलायला लागतात.

घर सावरतं तेही बहुतेक एका बाईच्या जिवावर. नवरा पडला तर बायको त्याचं सगळं करते आणि गाव तिला सावित्री म्हणून मोकळं होतं. बाई स्वतः पडली तर तिला माहेरी आणून सोडल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. रात्री दर दोन तासांनी उठणाऱ्या त्या बाईला दिवसा मजुरीलाही जायचं असतं. कौतुकाने तिची झोप भरून निघत नाही.

खोटी आशा विकणाऱ्यांनाही हीच मनाची भाषा उपयोगी पडते. लकवा आणि मणक्याची दुखापत यांत फरक न करता तेलमालिश, जडीबुटी, अंगारे यात वर्ष-दोन वर्षं जातात, शेत विकलं जातं, आणि गुण आला नाही की “तुझी श्रद्धा कमी पडली” म्हणून सांगितलं जातं. चालण्याची वाट पाहत घरात उतारही बांधत नाहीत, कारण उतार बांधणं म्हणजे हार मानणं असं घरच्यांना वाटतं.

राज्य काय करतं? आमच्याच भागात 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदं अंगावर आली, सुमारे 10 हजार माणसं गेली. 52 गावं नव्याने वसवली गेली. एवढं मोठं काम करून दाखवलेल्या सरकारला लातूर आणि नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मणक्याच्या रुग्णांसाठी दीर्घ मुदतीचा पुनर्वसन कक्ष पूर्ण ताकदीने चालवणं जड नाही. घरी सोडण्याआधी रुग्ण आणि घरचा एक माणूस काही आठवडे तिथे राहून कूस बदलणं, नळी घालणं, खुर्चीत चढणं-उतरणं शिकले पाहिजेत. आज ज्यांना हे शिकायचं त्यांना मुंबईत हाजी अलीच्या केंद्र सरकारच्या संस्थेची वाट धरावी लागते. देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर एकाच जागी बसून जाताना नवी जखम होते.

पैशांचं पाहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला 2 लाख आणि दोन अवयव निकामी झाले तरी 2 लाख. जो जगला त्याला नळ्या, पिशव्या, हातमोजे, मलमपट्टी आयुष्यभर लागणार, हे त्या आकड्यात कुठेच नाही. ज्याच्या घरात सातबारा नाही, त्या शेतमजुराला या योजनेत तेही नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये झाले, तेही मोठ्या आंदोलनांनंतर. शिबिरांत वाटल्या जाणाऱ्या खुर्च्या बहुतेक एकाच मापाच्या, झोळीसारख्या बैठकीच्या, गादीशिवायच्या. फोटो निघतो, आणि त्या खुर्चीत महिनाभर बसलेला माणूस जखम घेऊन माझ्याकडे येतो. स्वच्छ भारतच्या 12 हजारांत बांधलेल्या संडासाला दोन पायऱ्या आणि एवढं अरुंद दार, की खुर्ची आत जातच नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी इमारती सुगम करायला पाच वर्षं दिली होती, ती मुदत 2022 मध्ये उलटली. आपल्या तहसीलची पायरी बघून या.

म्हणून संपादकांना माझी विनंती आहे: येत्या 3 डिसेंबरला जिद्दीची कहाणी छापा, पण त्याच पानावर जिल्हा रुग्णालयातून गेल्या वर्षी मणका मोडलेले किती जण घरी गेले आणि त्यांतले किती आज जिवंत आहेत, एवढं विचारून छापा. आणि वाचकांना एक काम. प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. तुमच्या गावात कुणी खाटेवर असेल तर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत उभे राहा, त्या निधीचा हिशेब मागा, आणि त्यातून हवेची गादी, नळ्या आणि संडासाला उतार मंजूर करून घ्या. तो ग्रामसभेला येऊ शकत नाही. तुम्ही येऊ शकता.